चार सिग्मा असूनही तो कण गायब कसा झाला?

प्रश्न विचारणारे चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं (सिग्मा म्हणजे योगायोगाने होणाऱ्या नेहमीच्या चढउताराचं माप; कंट्रोल चार्ट म्हणजे उत्पादनातली मापं वेळेनुसार मांडणारा आलेख; जीईव्ही हे ऊर्जेचं एकक, कणांचं वस्तुमानही त्यातच सांगतात): "आमच्याकडे कंट्रोल चार्टवर एक बिंदू ३ सिग्माच्या बाहेर गेला की लाइन थांबते. डिसेंबर २०१५ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या दोन प्रयोगांना ७५० जीईव्हीजवळ नव्या कणाची चाहूल लागली होती, त्यातल्या एकात ती जवळजवळ ४ सिग्मा होती असं वाचलं. म्हणजे योगायोगाची शक्यता तीस हजारांत एक. तरी कुणी 'शोध लागला' म्हणालं नाही आणि आठ महिन्यांनी ती चाहूलच नाहीशी झाली. गणित चुकलं होतं, यंत्र चुकलं होतं, की तुमचा सिग्मा आमच्यापेक्षा वेगळा असतो?"

मी बरीच वर्षं त्या दोनांपैकी सीएमएस या प्रयोगात काम करतो आहे, आणि त्यातला मोठा काळ फोटॉनांची (प्रकाशकणांची) ऊर्जा नीट मोजण्यातच गेला आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्या टेबलावरचाच. सरळ उत्तर: सिग्मा तोच आहे, गणित बरोबर होतं आणि यंत्रंही ठीक चालली होती. तो आकडा एका फार अरुंद प्रश्नाचं उत्तर देत होता, आणि बातम्यांनी तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून छापला.

तो अरुंद प्रश्न असा: नवा कण अजिबात नाही, आलेख फक्त माहीत असलेल्या भौतिकीनेच भरला आहे असं धरलं, तर नेमक्या याच जागी एवढा किंवा याहून मोठा उंचवटा निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता किती? यातल्या दोन गोष्टींवर बोट ठेवा. एक, 'असं धरलं तर'. म्हणजे हा आकडा कण नसण्याची शक्यता सांगत नाही. कण नाही हे गृहीत धरूनच तो काढलेला असतो. 'तीस हजारांत एक शक्यता की हा कण नाही' हे वाक्य वर्तमानपत्रांत सर्रास दिसतं आणि ते चूक आहे. दोन, 'नेमक्या याच जागी'. या दुसऱ्या गोष्टीतच २०१५ च्या गोष्टीचा निम्मा उलगडा आहे, आणि तो तुम्हाला माझ्याहून लवकर कळेल, कारण तुम्ही रोज तेच करता.

कंट्रोल चार्टवर ३ सिग्माच्या बाहेर, वर किंवा खाली, बिंदू जाण्याची शक्यता ०.२७ टक्के. म्हणजे प्रक्रिया अगदी सुरळीत असली तरी सरासरी ३७० बिंदूंमागे एक खोटी घंटा वाजणार. एकच चार्ट असेल तर ती क्वचित वाजेल. पण कारखान्यात असे ४०० चार्ट असतील आणि प्रत्येकावर तासाला एक बिंदू पडत असेल, तर जवळजवळ दर तासाला कुठे ना कुठे घंटा वाजेल, आणि त्यात बिघाड एकही नसेल. आता कुणी त्या ४०० मधला तो एकच चार्ट उचलून साहेबांसमोर ठेवला आणि म्हणाला, 'बघा, ३७० त एक शक्यता!', तर तुम्ही काय विचाराल? बाकीचे ३९९ कुठे आहेत?

दुसऱ्या प्रयोगाने, ॲटलासने, २०१५ मध्ये दोन फोटॉनांच्या जोड्या घेऊन त्यांच्या एकत्रित वस्तुमानाचा आलेख काढला. साधारण २०० जीईव्हीपासून २००० जीईव्हीपर्यंत ही रेघ उतरत जाते, आणि तिच्यावर कुठेही उंचवटा दिसतो का ते शोधायचं असतं. ७५० वर शोधा असं आधी कुणी सांगितलं नव्हतं. उंचवटा ४२० ला आला असता तरी बातमी झालीच असती, ११०० ला आला असता तरी. शिवाय कण अरुंद असेल की रुंद, हेही ठाऊक नव्हतं; दोन्ही प्रकारे शोध घेतला गेला. अरुंद धरला तर ३.६ सिग्मा, रुंद धरला तर ३.९. इतक्या जागी शोधल्याचा हिशेब लावल्यावर तोच आकडा २ च्या आसपास उतरला. सीएमएसमध्ये त्याच जागी २.६ होता, हिशेबानंतर १.२ हून कमी. आमच्यात पहिल्याला 'लोकल' आणि दुसऱ्याला 'ग्लोबल' म्हणतात. १५ डिसेंबरच्या भाषणांत दोन्ही आकडे पडद्यावर होते. बातम्यांत कुठला गेला हे सांगायला नको.

आणि हा हिशेबही पुरता नाही. ग्लोबल आकड्यात फक्त त्या एका आलेखावरच्या जागा मोजल्या जातात. ॲटलास आणि सीएमएस मिळून वर्षाला शेकड्याने शोधनिबंध काढतात; दोन फोटॉन, दोन जेट (एकाच दिशेने उडणारे कणांचे झोत), म्यूऑनच्या (इलेक्ट्रॉनच्या जड भाऊबंदांच्या) जोड्या, हरवलेली ऊर्जा, असे कितीतरी आलेख त्यांत असतात. एवढ्या आलेखांत कुठेतरी २ सिग्माचा ग्लोबल उंचवटा येणं ही बातमी नव्हे. एकदाही आला नाही तर मला उलट शंका येईल.

५ सिग्माचा दंडक इथूनच आला. १९६८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रोझेनफेल्ड यांनी साधा हिशेब मांडला: बबल चेंबरच्या (कणांच्या वाटा बुडबुड्यांतून दाखवणाऱ्या जुन्या यंत्राच्या) काळात पदार्थवैज्ञानिक वर्षभरात किती आलेख काढतात, प्रत्येकात किती जागा असतात, आणि त्या सगळ्यांत ३ किंवा ४ सिग्माचे उंचवटे निव्वळ योगायोगाने किती दिसायला हवेत. आकडा इतका मोठा निघाला की त्या काळात जाहीर झालेले आणि पुढे विरलेले बरेचसे कण का विरले ते समजलं. ५ सिग्मा म्हणजे ३५ लाखांत एक. तो निसर्गाने दिलेला आकडा नाही. आपण किती जागी बघतो आणि आपल्या मोजमापावर आपला किती भरवसा आहे, या दोन्हींसाठी सोडलेली ती जागा आहे.

ओघात आलं म्हणून सांगतो: तुमच्या सिक्स सिग्मा या दर्जा-पद्धतीतले दहा लाखांत ३.४ दोष हे खरं तर ४.५ सिग्माचं शेपूट आहे. प्रक्रिया कालांतराने दीड सिग्मा सरकेल असं गृहीत धरून ते वजा केलेलं असतं. म्हणजे सरकण्यासाठी जागा सोडायची पद्धत तुमच्याकडेही आहे, फक्त तुम्ही ती उघड लिहून ठेवली आहे.

आता या गोष्टीतला मला सर्वात आवडणारा भाग. १३ डिसेंबर २०११ ला सर्नमध्ये असंच भाषण झालं होतं. ॲटलासकडे १२६ जीईव्हीजवळ लोकल ३.६ सिग्मा, सीएमएसकडे १२४ जीईव्हीजवळ लोकल २.६. आता वरचे २०१५ चे आकडे पुन्हा वाचा: ३.६ आणि २.६. अगदी तेच, महिनाही तोच. पहिला उंचवटा पुढच्या जुलैत हिग्ज बोझॉन (इतर मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राचा कण) ठरला. दुसरा ऑगस्टपर्यंत विरला. सिग्मा मोजून या दोघांत फरक करता आला नसता. फरक सगळा आकड्याच्या बाहेर होता, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथेच दिसतं.

२०११ मध्ये हिग्ज कुठेही असू शकतो अशी स्थिती उरली नव्हती. सर्नच्याच एलईपी या आधीच्या यंत्राने ११४.४ जीईव्हीच्या खालचा प्रदेश आधीच बाद केला होता. ॲटलास आणि सीएमएसचा एकत्रित निकाल नोव्हेंबरात आला होता, त्यात १४१ ते ४७६ पर्यंतचं सगळं बाद. उरली होती मुख्यतः एक अरुंद खिडकी, आणि उंचवटा बरोबर तिच्यात आला. दुसरं, सिद्धांतात हिग्जची एकच गोष्ट अज्ञात होती, त्याचं वस्तुमान. ते १२५ धरलं की तो किती वेळा बनेल, त्यातला किती भाग दोन फोटॉनांत जाईल (जेमतेम ०.२ टक्के), किती भाग दोन झेड बोझॉनांमार्फत (झेड आणि डब्ल्यू हे दुर्बल बलाचे वाहक कण) चार लेप्टॉनांत, म्हणजे इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑनांत, जाईल, हे सगळं ठरूनच येतं, हवं तसं फिरवायला कुठेच जागा उरत नाही. आणि दिसत काय होतं? दोन फोटॉनांत थोडी वाढ, चार लेप्टॉनांत थोडी वाढ, दोन डब्ल्यू बोझॉनांतही थोडी, आणि प्रमाणं ढोबळमानाने अपेक्षेसारखी. एकेक मार्ग कमजोर होता, पण सगळे एकाच वस्तुमानाकडे बोट दाखवत होते.

२०१५ मध्ये यातलं काहीच नव्हतं. ७५० वर कण असायला हवा असं म्हणणारं कुणीच नव्हतं. वाढ फक्त दोन फोटॉनांत होती. झेड-फोटॉन, दोन झेड, दोन डब्ल्यू, सगळीकडे रेघ सपाट. आणि मला सर्वात टोचणारी गोष्ट म्हणजे जुना डेटा. २०१२ मध्ये टकरींची ऊर्जा ८ टीईव्ही (एक टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही) होती, २०१५ मध्ये १३. हा कण ग्लुऑनांच्या (प्रोटॉनला आतून बांधून ठेवणाऱ्या कणांच्या) टकरीतून बनत असेल तर १३ टीईव्हीला तो सुमारे ४.७ पट सहज बनेल. पण २०१२ मध्ये २० एकक डेटा होता आणि २०१५ मध्ये ॲटलासकडे ३.२ एकक. २० भागिले ४.७ म्हणजे ४ हून जास्त. म्हणजे जुन्या डेटाची ताकद या शोधासाठी नव्याहून कमी नव्हती, किंचित जास्तच होती. (ही एककं म्हणजे इन्व्हर्स फेम्टोबार्न, 'किती टकरी झाल्या' याचं माप म्हणून वाचा.) जुन्या डेटात त्या जागी थोडी वाढ होती खरी, पण जेवढी असायला हवी होती तेवढी नाही. दोन्ही डेटा एकत्र करून वाचणाऱ्याला डिसेंबरातच थोडं थंड व्हायला हरकत नव्हती.

तरीही आम्ही सगळे थंड होतो असं मी म्हणणार नाही. मार्च २०१६ मध्ये सीएमएसने चुंबकक्षेत्र नसताना नोंदवलेल्या टकरीही जोडल्या, ८ टीईव्हीचा डेटा जोडला, आणि लोकल आकडा २.६ वरून ३.४ वर गेला, ग्लोबल १.६. म्हणजे मरायच्या आधी तो उंचवटा थोडा तरतरीत झाला होता. सिद्धांतकारांनी तोवर शेकड्याने निबंध लिहिले, एकूण गणती ५०० च्या घरात गेली. पुष्कळ जण त्याला हसतात. मी हसत नाही. 'हे खरं असेल तर आणखी कुठे दिसायला हवं' हे त्यातल्या चांगल्या निबंधांनी आम्हाला काही आठवड्यांत सांगितलं, आणि आम्ही तिथे पाहिलं. मात्र त्या गठ्ठ्यातला बराचसा भाग नुसता रांगेत पहिला नंबर लावण्यासाठी होता, हेही खरं.

निकाल लावायचा एकच खात्रीचा मार्ग होता, आणखी डेटा. त्याचं गणित तुमच्या ओळखीचं आहे. खरा संकेत डेटाच्या प्रमाणात वाढतो, योगायोगाचं हेलकावणं वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून डेटा चौपट झाला की खऱ्या संकेताचा सिग्मा दुप्पट होतो. ॲटलासकडे ऑगस्ट २०१६ पर्यंत नवा १२.२ एकक डेटा आला. एकूण साधारण पावणेपाच पट. वर्गमूळ २.२. कण खरा असता तर ३.६ चा आकडा ८ च्या आसपास जायला हवा होता. इथे एक सावधगिरी: उंचवटा आपल्या नजरेत भरतो तोच मुळी तो योगायोगाने थोडा फुगलेला असतो म्हणून. त्यामुळे खरा कणही पुढच्या डेटात पहिल्यापेक्षा थोडा बारीक दिसतो. ते धरलं तरी ५ ओलांडणं अवघड नव्हतं. ५ ऑगस्टला शिकागोच्या परिषदेत दोन्ही प्रयोगांनी नवे आलेख दाखवले. ७५० वर नव्या डेटात काहीच नव्हतं.

म्हणजे कुणी चुकलं का? नाही. ग्लोबल २ सिग्मा म्हणजे चाळीस-पंचेचाळिसात एक. असले योगायोग होतात, आणि तो झाला.

इथपर्यंतचं उत्तर योगायोगापुरतं आहे. पण सिग्मा कितीही मोठा असला तरी ज्याच्यापासून तो वाचवू शकत नाही असा दुसरा धोका आहे, आणि माझे कामाचे तास बहुतेक त्यातच जातात. तो म्हणजे मोजमापातली एकाच दिशेने ढकलणारी चूक. आम्ही तिला सिस्टिमॅटिक म्हणतो. योगायोग डेटा वाढला की विरतो. ही चूक डेटा वाढला की आणखी ठळक होते, कारण दर वेळी ती त्याच बाजूला ढकलते. चुकीच्या बाजूला झुकलेल्या गेजने तुम्ही लाख भाग मोजलेत तर सरासरी अधिकाधिक अचूकपणे चुकीची येईल, तसंच.

म्हणून कुणी दोन फोटॉनांतला उंचवटा घेऊन आलं तर सिग्मा किती हे मी शेवटी विचारतो. आधी त्या उंचवट्यातल्या घटना एकेक करून उघडतो. २०१५ च्या उंचवट्यात त्या मोजक्याच होत्या, त्यामुळे हे शक्य होतं. सीएमएसमध्ये फोटॉन पकडायला लेड टंगस्टेटचे ७५,८४८ स्फटिक आहेत. मधल्या भागातल्या स्फटिकांचा प्रकाश मोजायला मागे ॲव्हलांच फोटोडायोड बसवलेले असतात. कधी कधी एखादा कण स्फटिकाला वळसा देऊन थेट त्या डायोडवर आदळतो आणि स्फटिकात प्रचंड ऊर्जा जमा झाल्यासारखा संकेत येतो. आम्ही त्यांना 'स्पाइक' म्हणतो. खऱ्या फोटॉनची ऊर्जा शेजारच्या चार-पाच स्फटिकांत पसरते. स्पाइक एकट्या स्फटिकात बसलेला असतो, आणि त्याची वेळही थोडी आधीची असते. हे दोन्ही तपासून ते गाळले जातात. तरी उंचवट्यातल्या घटना डिटेक्टरच्या एकाच कोपऱ्यातून येतात का, एकाच आठवड्यातल्या आहेत का, हे मी हाताने पाहतो. नवा कण डिटेक्टरच्या सगळ्या बाजूंना सारख्याच न्यायाने दिसायला हवा.

मग ऊर्जेचं माप. स्फटिक किरणोत्साराने काळवंडतात आणि टकरी थांबल्या की पुन्हा थोडे उजळतात. म्हणून साधारण दर ४० मिनिटांनी लेसरचा प्रकाश सोडून प्रत्येकाची पारदर्शकता मोजली जाते. शेवटचं माप झेड बोझॉनवरून जुळवतो. त्याचं वस्तुमान ९१.२ जीईव्ही आहे हे पक्कं माहीत असल्याने त्याच्या इलेक्ट्रॉनांवरून आमची पट्टी तपासली जाते. पण ते इलेक्ट्रॉन ४५ जीईव्हीचे असतात, आणि ७५० च्या कणाचे फोटॉन ३७५ जीईव्हीचे. खालच्या टोकाला तपासलेली पट्टी वरच्या टोकालाही सरळ आहे का, हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

आणि तिसरं, बॅकग्राउंड. दोन फोटॉन देणाऱ्या साध्या प्रक्रिया पुष्कळ आहेत. शिवाय जेटमधला एखादा पायॉन हा अल्पायुषी कण जवळजवळ चिकटलेले दोन फोटॉन देतो आणि एकाच फोटॉनचं सोंग घेतो. हे सगळं मिळून जी उतरती रेघ बनते तिचं सूत्र आम्ही डेटाच्या बाकीच्या भागावरून बसवतो. शेपटाकडे घटना विरळ होत जातात, आणि तिथे सूत्र थोडं वेगळं निवडलं तर उंचवट्याचा सिग्मा दशांशाने नाही, चांगलाच हलू शकतो. म्हणून कुठलं सूत्र घ्यायचं हे आम्ही आधी, उंचवट्याची जागा झाकून ठरवतो. २०१२ च्या हिग्जच्या विश्लेषणात तसंच केलं होतं. सगळ्या अटी गोठवल्यावरच झाकण काढायचं. शोधणाऱ्याला काय हवं आहे ते त्याच्या निवडींत झिरपतं, प्रामाणिक माणसाच्याही. झाकून ठेवणं हाच त्यावरचा एक स्वस्त इलाज.

सिस्टिमॅटिक कसा फसवतो याची दोन उदाहरणं ताजी आहेत. मार्च २०२१ मध्ये सर्नच्याच एलएचसीबी प्रयोगाने दाखवलं की एका प्रकारच्या मेसॉनच्या (अल्पायुषी कणाच्या) क्षयात इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन यांचं प्रमाण सारखं नाही, ३.१ सिग्मा. जागा आधीपासून ठरलेली होती, म्हणजे वरचा ४०० चार्टचा आक्षेप फारसा लागू नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच प्रयोगाने तो निकाल स्वतःच मागे घेतला: इलेक्ट्रॉन म्हणून मोजलेल्यांत काही दुसरेच कण मिसळलेले होते, आणि ते नीट वजा केल्यावर फरक उरला नाही. दुसरं, एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या फर्मिलॅबच्या सीडीएफ प्रयोगाने डब्ल्यू बोझॉनचं वस्तुमान ८०,४३३.५ एमईव्ही (हजार एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही) दिलं, चूक ९.४. सिद्धांतापासून ७ सिग्मा दूर. २०२४ मध्ये सीएमएसने जवळजवळ तेवढ्याच अचूकतेने मोजलं: ८०,३६०.२, चूक ९.९. सिद्धांताशी जुळणारं. दोन्ही आकडे एकाच वेळी बरोबर असणं अवघड आहे. माझा कल कुठे ते सांगायची गरज नाही, मी सीएमएसचा माणूस आहे. पण ७ सिग्मावरही भौतिकीची पुस्तकं बदलली नाहीत, का बदलली नाहीत, ते या जोडीवरून कळतं.

मग तुमच्या ३ सिग्माचं काय? तो तुमच्या जागी योग्यच आहे. ही मर्यादा कंट्रोल चार्टचे जनक वॉल्टर शूहार्ट यांनी १९२० च्या दशकात व्यवहाराच्या हिशेबाने ठरवली: खोट्या घंटेपायी लाइन थांबवण्याचा खर्च किती, आणि खरा बिघाड नजरेआड झाला तर किती. तुमच्याकडे लाइन अर्धा तास थांबली तर नुकसान मर्यादित आहे, पण सदोष ब्रेकचा भाग गाडीत गेला तर नाही. म्हणून खोट्या घंटा सोसून खऱ्या चुकू द्यायच्या नाहीत. आमचं उलट. नवा कण सहा महिने उशिरा जाहीर केला तर जगाचं काही बिघडत नाही. खोटा जाहीर केला तर पुढची दहा वर्षं लोक त्याच्यामागे धावतात. आणि एक गोष्ट विसरू नका: ३ सिग्माला आमचीही लाइन थांबते. उंचवटा दिसल्यावर जे चालू होतं ते हेच, वर सांगितलेली सगळी तपासणी. आम्ही फक्त तेवढ्यावर निकाल देत नाही.

५ चा आकडाही काही देवाने आखलेली रेषा नाही, हे तुम्ही ओळखलं असेलच. १९९५ मध्ये टॉप क्वार्क या सर्वात जड मूलकणाचा शोध जाहीर झाला तेव्हा सीडीएफकडे ४.८ आणि फर्मिलॅबच्याच डी-झीरो प्रयोगाकडे ४.६ होते. (डी-झीरोमध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था होती, दिल्ली आणि पंजाब विद्यापीठंही.) दोन स्वतंत्र प्रयोग, अपेक्षित कण, अपेक्षेसारखा क्षय; कुणी खळखळ केली नाही. ४ जुलै २०१२ ला सीएमएसने सगळे मार्ग एकत्र केले तेव्हा हिग्जचा आकडा ४.९ होता. १९८३ मध्ये डब्ल्यू बोझॉन मोजक्या पाच-सहा घटनांवर मान्य झाला, कारण तशा घटना देणारं दुसरं काही जवळपास नव्हतंच. आणि १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ओमेगा-मायनस कण बबल चेंबरच्या एका छायाचित्रावर स्वीकारला गेला. बॅकग्राउंड शून्याजवळ असेल तर एक घटनाही पुरते. डोंगराएवढ्या बॅकग्राउंडवर उभा असेल तर ६ सिग्माचा उंचवटाही मी संशयाने बघेन.

आणि ५ ओलांडल्यावरही सगळं संपत नाही. २०२५ मध्ये सीएमएसने टॉप क्वार्कच्या जोड्या जेमतेम बनू शकतात त्या ऊर्जेजवळ ५ सिग्माहून मोठी वाढ जाहीर केली. जड हिग्जसारखा कण शोधताना ती सापडली. जुलैत ॲटलासनेही ती पाहिली, ७.७ सिग्मा. वाढ आहे यात आता फारसा वाद नाही. वाद आहे तो ती कशाची, यावर: बहुतेकांचा कल दोन टॉप क्वार्क क्षणभर एकमेकांना धरून राहतात या बाजूला आहे, पण नव्या कणाची शक्यता त्या मोजमापाने अजून पूर्ण बाद होत नाही. सिग्मा 'काहीतरी आहे' एवढंच सांगतो.

तुम्हाला हाताला लागेल असं काही हवं असेल तर सध्याचंच एक प्रकरण घ्या. सीएमएसच्या दोन फोटॉनांच्या आलेखात ९५.४ जीईव्हीजवळ २.९ सिग्माची लोकल वाढ आहे, ग्लोबल १.३. ॲटलासमध्ये त्याच जागी १.७. जुन्या एलईपीच्या डेटात, बॉटम क्वार्कच्या जोड्यांत, त्याच्या आसपास २.३ सिग्माची एक वाढ पडून आहे. वर २०११ आणि २०१५ ला जे प्रश्न विचारले ते याला लावून पाहा. एकाहून जास्त मार्ग? हो, पण प्रत्येक कमजोर. दुसरा प्रयोग? अर्धवट. आधीपासून ठरलेली जागा? एलईपीमुळे थोडीशी. पण इथे बॅकग्राउंड ओंगळ आहे: झेड बोझॉन ९१ वर बसला आहे, आणि त्याचे इलेक्ट्रॉन फोटॉनचं सोंग घेऊन याच भागात पडतात. माझी पैज विचाराल तर मी विरायच्या बाजूने लावीन, पण मोठी नाही. सर्नच्या टकरींच्या तिसऱ्या फेरीचा डेटा २०२२ पासून जमू लागला. तो पूर्ण वापरून दोन्ही प्रयोगांचे निकाल येतील तेव्हा लोकल आकड्याकडे बघण्याआधी दोन गोष्टी तपासा: उंचवटा त्याच वस्तुमानावर आहे का, आणि डेटाच्या वर्गमुळाने वाढला आहे का.